बिराजदार अप्पांचं निरंक

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी बरोबर दहा वाजता बिराजदार अप्पा आमच्या दालमिलमध्ये परदेशी माणूस शोधायला निघायचे.

डोक्यावर पांढरी टोपी, काखेत हिरव्या कापडी पाठीची नोंदवही, वरच्या खिशात एक निळा आणि एक लाल पेन. आधी गोदाम, मग चाळण्या, ड्रायर, हमालांची शेड, कॅन्टीन आणि शेवटी वॉचमनची खोली. पोत्यांच्या थप्प्यांमागंसुद्धा वाकून बघायचे. एखादा नवा हमाल विचारायचा, "अप्पा, काय हुडकूलालाव?"

"परदेशी."

"इकडं न्हाई बा कुणी."

"बरं," म्हणून अप्पा पुढच्या थप्पीकडं. असा अर्धा तास हिंडून ते आपल्या टेबलाशी यायचे, चष्मा पुसायचे आणि नोंदवहीत लिहायचे, 'परदेशी कामगार: निरंक.' खाली सही, तारीख, वेळ.

लातूरच्या एमआयडीसीतल्या तूरडाळीच्या मिलमध्ये हा उद्योग वीसेक वर्षं चालला होता. मी तिथं प्रयोगशाळेत होते. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, डाळीतली ओल मोजायचं एक यंत्र आणि मी. माझं टेबल अप्पांच्या टेबलाला लागून, त्यामुळं त्यांच्या सगळ्या तऱ्हा मला फुकटात आणि अगदी जवळून बघायला मिळाल्या. सुरुवातीला मला त्यांचा फार राग यायचा. नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी माझ्या जन्मतारखेचे तीन पुरावे मागितले. मी म्हटलं, "अप्पा, माझं वय दिसत नाही का?" तर शांतपणे म्हणाले, "दिसतंय की. पण दिसण्याला जावक नंबर नस्तो, मॅडम."

कामगार कायद्याची सगळी कागदपत्रं अप्पांकडं. हजेरी, रजा, जादा काम, अपघात, पाळणाघर, सगळ्यांच्या वेगवेगळ्या वह्या. आमच्याकडं पाळणाघर नव्हतं, कारण तेवढ्या बायकाच नव्हत्या. पण वही होती. परदेशी कामगारांच्या वहीची कथा तर साधीच. कधीतरी तपासणीला आलेल्या एका साहेबांनी चहा पिता पिता विचारलं, "परदेशी कामगार वगैरे?" शेठ हसून म्हणाले, "साहेब, आमच्याकडं परदेशी मनजे नांदेडकडल्या उमरीचा माणूस." साहेबही हसले आणि उठता उठता म्हणाले, "नसतील तर नाहीत असं लिहून ठेवा." साहेब गंमतीनं बोलले होते. अप्पांना गंमत कळायची, पण ती साहेबाच्या तोंडून आली की त्यांना ती आदेशच वाटायची.

मी एकदा त्यांना म्हटलं, "अप्पा, खुर्चीवर बसून लिहा की निरंक. हिंडता कशाला?"

अप्पा माझ्याकडं असे बघत राहिले जणू मी न मोजताच ओल लिहिते असं कबूल केलंय. म्हणाले, "निरंक मनजे काही न्हाई असं न्हवं, मॅडम. निरंक मनजे बघितलं, आन् मग न्हाई. न बघता लिव्हलं तर ते खोटं हाय."

त्या दिवसापासून मी ओलीचं यंत्र दोनदा लावायला लागले, हे मी अप्पांना कधी सांगितलं नाही.

ऑफिसातल्या माणसांच्या रजा मंजूर करण्याचं काम अप्पांचं. त्यात ते स्वतःही आले. ते स्वतःला रीतसर अर्ज करायचे, 'मा. आस्थापना अधिकारी' असा मायना घालून. मग चष्मा काढून पुसायचे, परत घालायचे आणि त्याच अर्जावर लाल पेननं 'कारण पुरेसे नाही' असा शेरा मारायचे. मेव्हण्याच्या घरभरणीचा अर्ज असाच नामंजूर झाला. काकू, म्हणजे अप्पांची बायको, चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. अप्पा मला म्हणाले, "मी अर्ज केला व्हता. वरून मंजूर झाला न्हाई."

वर्षातून एकच रजा ते स्वतःला देत, येळवसीची. त्यात अप्पांचा मोठेपणा काही नाही. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला सगळं लातूरच शेतात जातं. दुकानं बंद, रस्ते ओस. कडब्याची कोपी, तिच्यात पूजा आणि मग भज्जी, आंबील, उंडे, तिळाच्या पोळ्या. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेतातून चार बोलावणी असतात. त्या दिवशी अप्पांच्या अर्जावर शेरा असायचा, 'मंजूर. कामकाज नाही.'

तर अशा मिलमध्ये एका दसऱ्याच्या सुमारास खरोखरच परदेशी माणूस आला.

शेठनं डाळीतला काळा दाणा कॅमेऱ्यानं टिपून उडवणारी तुर्कस्तानची मशीन घेतली होती. ती बसवून द्यायला आणि आमची माणसं शिकवून तयार करायला इस्माईल नावाचा तिथला तंत्रज्ञ मिलच्या नोकरीवर ठेवायचं ठरलं. हे ऐकल्यावर अप्पा खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. घरात लेकीचं लग्न ठरावं तसा माणूस उजळला. व्हिसा नोकरीचाच आहे ना, फिरायचा तर नाही ना, करारपत्र, पासपोर्टची प्रत, पोलीस कार्यालयात मुदतीत नोंदणी, राहील तिथून चोवीस तासांत सी फॉर्म. वीस वर्षं ज्या नियमांना कुणी माणूसच मिळाला नव्हता, ते सगळे अप्पांना तोंडपाठ होते. हिरव्या नोंदवहीत त्यांनी पहिल्यांदा निरंक सोडून दुसरं काही लिहिलं. एक नाव. लिहून झाल्यावर त्यावर बराच वेळ फुंकर घालत बसले. बॉलपेननं लिहिलं होतं.

इस्माईल पन्नाशीचा, गव्हाळ, झुपकेदार मिशांचा, पोट किंचित सुटलेला. नोंदणीला अप्पा त्याला जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयात घेऊन गेले, टंकलेखनाला मी सोबत. परदेशी नागरिकांच्या टेबलावरच्या बाई कागद चाळून म्हणाल्या, "समदं बराबर हाय अप्पा. पण परदेशी कुठाय?"

"हे काय, बसलेत की."

बाईंनी वर बघितलं. इस्माईल बशीत ओतून चहा पीत होता. "हे? हे तर निलंग्याचे वाटूलालेत." खात्री पटायला त्यांनी पासपोर्ट तीनदा उलटापालटा केला. अप्पांना वाईट वाटलं. एवढ्या वर्षांनी मिळालेला परदेशी, आणि तो पुरेसा परदेशी दिसत नव्हता.

बोलायची पंचाईत मात्र फार झाली नाही. इस्माईलचं इंग्रजी मोडकं, आमचंही मोडकं, आणि हिसाब, किताब, कलम, कागद, साबण हे शब्द त्याच्याकडंही निघाले. सकाळी अप्पा हजेरीची वही घेऊन "इस्माईल?" म्हणायचे आणि तो मशीनजवळच्या निळ्या स्टुलावरून हात वर करून "हाजिर!" म्हणायचा. शेजारी कुणी नसलं तरी अप्पा नाव पुकारायचेच. पुढं पुढं त्याला लेकीचे फोन आले की तो अप्पांना दाखवायचा. लेकीचं लग्न ठरलं होतं, उन्हाळ्याच्या तोंडावर.

खरा गोंधळ आमच्या लोकांच्या प्रेमानं घातला. लातूरकराला पाहुणा एकटा गेस्ट हाऊसला झोपलेला बघवत नाही. आज हा घेऊन जाई, उद्या तो. आणि कायदा असा की परदेशी माणूस ज्याच्या घरी मुक्कामाला, त्यानं चोवीस तासांत कळवायचं. लोक कळवणार कुठले? लोक त्याला धपाटे वाढत. मग अप्पा फॉर्मचा गठ्ठा घेऊन त्याच्या मागावर. कॅन्टीनच्या कमलबाईंच्या घरी, ड्रायव्हरच्या घरी, शेठच्या साडूच्या घरीसुद्धा. दाराशी उभं राहून विचारायचे, "मुक्काम का नुसतं जेवन?" मुक्काम म्हटलं की पिशवीतून पॅड निघे.

एकदा हमालांचा मुकादम सोपान त्याला आपल्या पुतणीच्या लग्नाला थेट उमरीला घेऊन गेला. अप्पांना कळलं तोवर चार तास उलटले होते. अप्पा एसटीनं नांदेड, तिथून उमरी. मांडवात शिरले ते हातात फॉर्म, घामाघूम, 'घरमालक कोण' असं विचारत. मुलीकडच्यांना वाटलं हे नवरदेवाचे कुणी मानाचे मामा रुसून आलेत. त्यांना धरून बसवलं, टॉवेल दिला, फेटा बांधला. "मी शासकीय कामाला आलोय," असं अप्पा सांगत होते आणि बँडवाले वाजवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फेट्यासकट ऑफिसात आले. मुदतीला पंचवीस मिनिटं उरली होती. ते सांगत गेले, मी कॉम्प्युटरवर भरत गेले. फॉर्म गेल्यावर फेटा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वधूपिता लई समजूतदार हाय. पिनकोड पाठ व्हता त्येला."

असे पाच-सहा महिने गेले. मशीन बसली, माणसं तयार झाली. इस्माईलच्या लेकीचं रविवारी लग्न आणि त्याआधी गुरुवारी त्याचं हैदराबादहून विमान. निघण्याआधी नोंदणीचा कागद पोलीस कार्यालयात परत करून तिथला शेरा घ्यायचा होता. मंगळवारी अप्पा भलामोठा संच घेऊन गेले. सगळे सी फॉर्म तारखेनं लावलेले, आणि सोबत कुणी न मागितलेली एक वही, गेस्ट हाऊसच्या चावीची. कुठल्या रात्री चावी इस्माईलकडं होती आणि कुठल्या रात्री गेटवर जमा, याची. अप्पांचं मत असं की मागितलेलं कुणीही देतो.

बाईंनी ती वही बघितली आणि तिथंच घोटाळा झाला. "अप्पा, या रात्री चावी गेटवर जमा हाय. माणूस गेस्ट हाऊसला नव्हता. मग कुठं व्हता? या रातीचा फॉर्मच न्हाई."

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. रात्र होती येळवसीची.

"ज्याच्याकडं मुक्काम झाला त्याचा लेखी खुलासा आणा," बाई म्हणाल्या, "मग शेरा देते. त्याबिगर मला देता येत न्हाई."

मी म्हटलं, इस्माईललाच विचारू. तो आमच्यासोबतच होता. अप्पांनी त्याला तारीख दाखवली, दोन्ही हात गालाखाली जोडून झोपल्याची खूण केली. "कुठं?" इस्माईलनं तारखेकडं बघितलं, मग अप्पांकडं बघितलं आणि मान हलवली. "नॉट रिमेंबर." या माणसाला मशीनचा एकेक स्क्रू आठवायचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बुधवारी सकाळी अप्पांनी चौकशी बसवली. अख्खं ऑफिस, मुकादम, ड्रायव्हर, कमलबाई, वॉचमन आणि शेठसुद्धा. येळवसीला कोण कुठं होतं, हे एकेकाला उभं करून विचारलं. प्रत्येकाचं उत्तर एकच, "माझ्या शेतात." वॉचमनही शेतात होता, हे त्याच्या तोंडून निघून गेलं आणि त्याला तिथंच वेगळा मेमो मिळाला. प्रत्येकानं इस्माईलला बोलावलं होतं, आणि तो प्रत्येकाला म्हणाला होता की मला आधीच बोलावणं आहे. कोणाचं, ते कुणालाच माहीत नाही. इस्माईल निळ्या स्टुलावर खाली मान घालून बसला होता. घड्याळात अकरा वाजले होते, गाडी संध्याकाळी निघणार होती.

अप्पा चिडले. मी त्यांना कधी चिडलेलं बघितलं नव्हतं. "एका मानसाच्या लेकीचं लगीन हाय!" ते म्हणाले. "ज्यानं कुनी ठेवून घेतलं त्यानं पुढं यावं. त्याला काही लाज हाय का न्हाई?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अप्पांना कमी ऐकू येतं म्हणून तो कायम स्पीकरवर. काकू होत्या.

"आवो, ते पावनं आज जानारेत न्हवं? तिळाच्या पोळ्या बांधून ठेवल्यात बगा त्यांच्या लेकीला. येळवसीला जळकोटला मुक्कामी व्हते तवा लई आवडल्या व्हत्या. तुमची लुंगी नेसून कसे झोपले व्हते बाई, आंबील पिऊन!"

कुणी हसलं नाही. खरं तर आम्ही सगळ्यांनी हसायला हवं होतं. अजूनही हे सांगताना मला हसू येतं. पण तेव्हा अप्पांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांना तो मुक्काम आठवत नव्हता असं नाही. जळकोटजवळचं त्यांचं शेत, सांज झाल्यावर चुकलेली एसटी, गावाकडच्या घरी ओसरीत टाकलेली दोन अंथरुणं, सगळं आठवत होतं. फक्त ते 'परदेशी नागरिकाचा मुक्काम' या सदरात येतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते त्या दिवशी रजेवर होते.

इस्माईल उठला आणि अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नॉट रिमेंबर, अप्पा." पुन्हा तेच.

शेठ माणूस व्यवहारी. म्हणाले, "अप्पा, एवढं काय त्यात? लिहून टाका, चावी चुकून गेटवर राहिली, मानूस गेस्ट हाऊसलाच व्हता. वॉचमन सही करंल. पुढच्या महिन्यात तुमी रिटायर होऊलालाव, कशाला डाग लावून घेता?"

वॉचमन लगेच हो म्हणाला. त्याला त्याचा मेमो मिटवून हवा होता.

अप्पांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "शेठ, मिलचा संबंध न्हाई. शेत माझं, पावना माझा." मग त्यांनी शिस्तभंगाची वही काढली. ऑफिसच्या माणसांच्या पानावर ती आजवर निरंक होती. त्यांनी स्वतःच्या नावे कारणे दाखवा नोटीस लिहिली. लिहून झाल्यावर ते उठून खोलीबाहेर गेले, दार वाजवून आत आले, टेबलासमोर उभं राहून नोटीस घेतली आणि मिळाल्याची सही केली. मग बाजूच्या बाकावर, कामगार बसतात तिथं, बसून खुलासा लिहायला घेतला.

खुलासा दोन ओळींचा होता. पोलीस कार्यालयात जाताना रिक्षात मी तो वाचला. 'सदर इसम येळवसीला माझे घरी पाहुणा म्हणून मुक्कामी होता. मला तो परदेशी वाटला नाही, ही माझी चूक आहे, ती मला मान्य आहे.'

बाईंनी कागद वाचला. मी त्यांचा चेहरा बघत होते. गुन्हा दाखल करायचा म्हटलं असतं तर करता आला असता, आणि अप्पांच्या नोकरीचा शेवट तसा झाला असता. अप्पा उभेच होते, त्यांनी खुर्ची घेतली नाही. बाईंनी कागद पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "अप्पा, मला बी पैल्या दिवशी वाटला नव्हता." त्यांनी अप्पांना लेखी समज दिली, तिची पोच घेतली आणि इस्माईलच्या कागदावर शेरा मारला. बाहेर आल्यावर अप्पांनी समजपत्राची घडी घातली. "झेरॉक्स काढावी लागंल," म्हणाले, "माझ्या फायलीला."

संध्याकाळी गाडी मिलच्या गेटवर उभी राहिली. इस्माईलच्या पिशवीत पोळ्या होत्या. अप्पांनी हिरवी नोंदवही उघडून 'प्रस्थान' या रकान्यात त्याची सही घेतली. सही झाल्यावर इस्माईलनं त्यांना कडकडून मिठी मारली. अप्पांना मिठीची सवय नाही. दोन्ही हातांनी नोंदवही छातीशी धरून ते तसेच उभे राहिले, त्यामुळं ती मिठी नोंदवहीलाच जास्त मिळाली. रविवारी माझ्या फोनवर लग्नाचा फोटो आला. लेक, जावई, मध्ये मिशीवाला बाप. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून तो पुष्कळ वेळ बघितला आणि म्हणाले, "पोचला मनायचा. तारीख न्हाई पन फोटोवर."

महिनाभरानं अप्पा निवृत्त झाले. त्यांच्या वह्या आता एका कपाटात आहेत आणि त्यांचं काम पुण्यातली कुठलीशी एजन्सी कॉम्प्युटरवरून करते. परदेशी कामगारांच्या रकान्यात तिथं आपोआप शून्य येतं. निरोप समारंभ, हार, शाल, शेठचं भाषण, हे सगळं झालं. पण अप्पा म्हटलं की मला ते आठवत नाही. मला आठवते त्याच्या आधीची एक तारीख, इस्माईल गेल्यानंतरची पहिली.

दहा वाजले आणि अप्पा उठले. काखेत हिरवी वही. मी म्हटलं, "अप्पा, तो गेला ना? तुम्हीच सही घेतली."

"बघावं लागतं, मॅडम," म्हणाले आणि निघाले.

का कोण जाणे, मीही मागं गेले. गोदाम झालं, चाळण्या झाल्या, ड्रायर झाला. थप्प्यांमागं वाकून बघणं झालं. कुणी काही विचारलं नाही. शेवटी ते नव्या मशीनपाशी आले. मशीन चालू होती, काळे दाणे फटाफट बाहेर उडत होते. तिच्या बाजूला निळं स्टूल रिकामं होतं. अप्पा तिथं थांबले. मशीनच्या मागच्या बाजूला जाऊन वाकून बघितलं. परत पुढं आले. मग वही उघडली आणि, हजेरीला पुकारत तसं, मशीनच्या आवाजावर चढवून, एकदाच पुकारलं, "इस्माईल?"

थोडा वेळ ते पेन धरून वाट बघत उभे राहिले. मी ओल मोजायची राहिलीय असं काहीतरी पुटपुटत तोंड फिरवलं.

मग अप्पा टेबलाशी परत आले, चष्मा पुसला आणि लिहिलं, 'निरंक.'